घाण्याचा बैल आणि दहावा माणूस

दिवाळीनंतरच्या एका सकाळी पवनारला धाम नदीच्या घाटावर माझा भाचा एक कागद हातात घेऊन बसला होता. तो कागद मी वाचून पाहिला, तेव्हा ज्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी आमच्या दर्शनकारांनी शतकानुशतके आपसांत वाद घातला, तोच प्रश्न सरकारच्या एकस्व कार्यालयातील कोणा परीक्षकाने, आपण काय करीत आहोत याची त्याला जाणीवही नसता, दीड पानाच्या हरकतीत मांडून ठेविला आहे असे मला आढळून आले.

भाच्याचे शिक्षण रसायनशास्त्राचे आणि पोटापाण्याचा व्यवसाय इंधनात मिसळावयाच्या द्रव्यांचा. पेट्रोलच्या दहा लाख भागांत ज्यांचे काहीशे भाग घातले की इंजिनाच्या झडपांवर काजळीचे पुट चढत नाही, अशी काही द्रव्ये आहेत. त्यांतले एक साबणाच्या स्वभावाचे असते, म्हणजे त्याचे एक टोक मळाला धरते आणि दुसरे तेलात विरघळते, आणि दुसरे द्रव्य हे त्या पहिल्याला झडपेपर्यंत पोहोचवणारे एक जड तेल असते. ही दोन्ही पूर्वीपासून सर्वांना ठाऊक. भाच्याने इतकेच शोधून काढले, की एका विशिष्ट, चिंचोळ्या प्रमाणात ती एकत्र केली म्हणजे त्यांच्या वेगवेगळ्या कामगिरीची बेरीज करून जेवढी झडप स्वच्छ राहावयास हवी त्याहून ती पुष्कळच अधिक स्वच्छ राहते. आणि एवढे कळण्यासाठी त्याने तीन वर्षे प्रमाणे बदलून, इंजिने चालवून, झडपा काढून आणि त्यांचे वजन करून घालविली. आता कार्यालयाचे म्हणणे असे, की घटक जुने, त्यांच्या प्रमाणाचा पल्लाही एका जुन्या लेखात अगोदरच आलेला, तेव्हा त्या पल्ल्यातले उत्तम प्रमाण या कलेत निष्णात असलेल्या कोणालाही नेहमीच्या प्रयोगांनी सापडले असते.

“मामा, तीन वर्षे घाण्याच्या बैलासारखा फिरलो,” तो म्हणाला, “आणि साहेब लिहितात, की हे तर उघडच होते.”

मी त्याला लगेच धीर दिला नाही, कारण त्याच्या वाक्यात त्याला स्वतःला न कळलेली अशी एक कबुली होती. घाण्याचा बैल ही उपमा त्याने आपल्या कष्टांचे वर्णन करण्यासाठी वापरली, पण परीक्षकाचे म्हणणेही नेमके तेच होते.

एकस्व किंवा पेटंट ही वस्तू म्हणजे राज्याने प्रजाजनाला दिलेली एक मुदतीची सनद होय: तू आपली युक्ती इतरांना समजेल आणि करून पाहता येईल अशा तपशिलाने दप्तरात लिहून दे, त्याच्या मोबदल्यात वीस वर्षे तिचा मक्ता तुझा, मुदत भरली की इनाम खालसा आणि युक्ती रयतेची. आपल्या देशात अशी पहिली सनद 1856 साली कलकत्त्याच्या डिपेनिंग नावाच्या गृहस्थाने मागितली, ती पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी. (साहेबाच्या डोक्यावर वारा घालणाऱ्या पंखेवाल्याची चाकरी जाण्यापासून आमच्या एकस्वांच्या इतिहासाला आरंभ व्हावा, हे मला नेहमीच बोलके वाटत आले आहे.) स्वतंत्र भारताचा कायदा 1970 चा, न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी ज्या अहवालात त्याचा पाया घातला तो 1959 चा, म्हणजे ज्या वर्षी विनोबांनी येथे, आम्ही बसलो होतो त्या घाटाच्या वर, ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले त्याच वर्षाचा. या कायद्याच्या आजच्या रूपात शोधाला जी कसोटी लावतात तिचे सार असे, की त्यात पूर्वज्ञानाच्या मानाने तांत्रिक प्रगती असावी किंवा आर्थिक महत्त्व असावे, अथवा दोन्ही असावीत, आणि त्या कलेतील निष्णात मनुष्याला तो उघड नसावा.

पेटंट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘उघडे’ असा आहे. राजाचे जे पत्र मोहोर न फोडता कोणालाही वाचता यावे ते उघडे पत्र. आणि उघड नसलेल्यालाच ते मिळावयाचे! इंग्रजीत ज्याला ऑब्व्हियस म्हणतात, त्या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे: ‘वाटेत आडवे आलेले’, चालता चालता समोर भेटलेले. ही व्युत्पत्ती वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण मी तिच्याकडे परत येणार आहे.

हा जो निष्णात मनुष्य कायद्याने कल्पिला आहे, त्याच्याइतका विलक्षण प्राणी पुराणांतही सापडावयाचा नाही. आपल्या विद्येत जगाच्या पाठीवर कोठेही, कोणत्याही भाषेत जे काही छापले गेले ते सारे त्याने वाचलेले असते. जर्मनीतील धूळ खात पडलेले नियतकालिक आणि जपानातील रद्द झालेला अर्ज ही दोन्ही त्याला मुखोद्गत असतात. पण इतके करून त्याला स्वतःचे असे काही सुचावयाचे नाही, अशी अट असते. समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत, पण हा पढतमूर्खही नव्हे, कारण मूर्खपणाची त्याला परवानगी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली मोटारीच्या पेडलविषयीच्या एका खटल्यात त्याची थोडी कणव करून सांगितले, की त्याच्यापाशी बेताची का होईना, कल्पकता असते, तो केवळ कळसूत्री बाहुली नव्हे; आणि जेथे वाटा मोजक्या व ठाऊक असतात तेथे त्या एकामागून एक चालून पाहण्याइतके शहाणपण त्याच्यात गृहीत धरावे. तेव्हापासून अर्जदारांच्या अडचणी वाढल्या, हे निराळे.

आता दर्शनांकडे वळतो. सांख्यांचा सिद्धान्त असा, की कार्य हे कारणात आधीपासूनच असते. तीळ रगडला की तेल निघते आणि वाळू रगडली की निघत नाही, याचे कारण तेल तिळात होतेच, घाण्याने ते केवळ प्रकट केले. नैयायिक याला मान्यता देत नाहीत. त्यांचे म्हणणे, घट मातीत होताच तर कुंभार हवा कशाला, आणि पाणी मातीच्या गोळ्यातच का भरून आणीत नाही? कार्य हे नवे असते, पूर्वी नव्हते असे काही तरी उत्पन्न होते. भाच्याच्या हातातील हरकत मी वाचली आणि मला वाटले, हा परीक्षक जन्माने कोणीही असो, दप्तरात बसला की तो सांख्य होतो. आणि अर्जदार, तो मनाने कितीही अद्वैती असला, तरी अर्जावर सही करताना नैयायिक असल्याखेरीज त्याचा निभाव लागत नाही.

तिळाचा हा दृष्टान्त मी पवनारच्या घाटावर बसून द्यावा यात एक औचित्य आहे. येथून सुमारे दहा किलोमीटरवर वर्ध्यास मगनवाडी आहे. 1934 च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या बागेत जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. तेथे झवेरभाई पटेलांनी तेलघाणीच्या सुधारणेचा विषय हाती घेतला, आणि त्यातून जी घाणी तयार झाली ती ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर गेली. उखळ, लाट आणि बैल ही घाणीची अंगे प्रत्येक तेल्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होती. मगनवाडीत जे घडले ते त्या जुन्या अंगांची मापे, आकार आणि जुळणी तपासून पाहण्याचे काम. एकस्वाच्या भाषेत याला कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणावे लागेल. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली मिर्झापूरच्या भांड्यांच्या एका खटल्यात, भांडे घासून गुळगुळीत करताना लेथवर पकडून धरण्याच्या एका साधनाविषयी, नेमका हाच निर्वाळा दिला, की जाणत्या कारागिराला सुचण्यासारखी जुळणी म्हणजे शोध नव्हे, आणि जुनी अंगे एकत्र आणून नवा परिणाम साधला नसेल तर सनद टिकणार नाही. ते साधन 1951 सालापासून एकस्वाखाली होते, ते गेले. निकाल वाचताना कायदा मला बरोबर वाटतो, आणि तरीही त्या भांड्यांच्या कारखान्यातल्या कारागिराविषयी थोडे वाईट वाटतेच.

पण कायदा सांख्य आहे असे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. तो तिळात तेल आहे की नाही एवढेच विचारीत नाही. त्या दाण्याकडे पाहून जाणत्याला यातून तेल निघेल अशी वाजवी आशा वाटली असती काय, हे विचारतो. तीळ, जवस आणि करडई रगडणाऱ्यास चौथा ओळखीचा गळिताचा दाणा रगडण्यासाठी प्रतिभा लागत नाही. परंतु पावसाळ्याच्या तोंडी झाडाखाली कुजत पडलेली कडू निंबोळी जिने कोणी प्रथम घाण्यात घातली, तिच्याविषयी आपण असे सहज म्हणू शकत नाही. नेहमीचा प्रयोग तो, की ज्यात उत्तर कोणते येईल हे ठाऊक नसले तरी कोणत्या पेटीत ते आहे हे ठाऊक असते.

मीमांसकांनी या वादात आणखी एक भर घातली आहे, आणि ती मला तर फारच गोड वाटते. कुमारिल भट्टांच्या परंपरेत प्रमाण म्हणावयाचे ते पूर्वी न कळलेल्या वस्तूचे ज्ञान करून देईल तेच. आधीच कळलेले पुन्हा कळणे ही प्रमा नव्हे. नैयायिकांनी लगेच अडविले: समोरच्या घटाकडे मी घटकाभर टक लावून पाहिले, तर पहिल्या क्षणाचे ज्ञान तेवढे प्रमाण आणि नंतरच्या साऱ्या क्षणांचे अप्रमाण काय? या प्रश्नाला धारावाहिक ज्ञानाचा प्रश्न म्हणतात. त्यावर मीमांसकांचे उत्तर असे, की घट तोच असला तरी प्रत्येक क्षण नवा आहे, आणि त्या क्षणाने विशिष्ट असा घट पूर्वी कळलेला नव्हता. इंधनद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले निम्मे अर्ज या एका उत्तरावर उभे आहेत! दहा टक्के पूर्वी कोणी लिहिले असेल, पण बारा टक्के कोणी लिहिले आहे? बारा लिहिले असेल तर साठ अंशांवरील बारा कोणी लिहिले आहे? अमेरिकेतील एका न्यायालयाने 1955 सालीच या युक्तिवादाला बांध घातला: सामान्य परिस्थिती अगोदर सांगितली गेली असेल, तर तिच्यातले सर्वांत सोयीचे माप नेहमीच्या प्रयोगांनी हुडकणे हा शोध नाही, मात्र त्या मापाने अंशाचा नव्हे, जातीचाच फरक पडत असेल, तर गोष्ट वेगळी. माझ्या भाच्याची सारी आशा या ‘मात्र’वर होती. बेरजेहून अधिक येते हे त्याचे आकडे सांगत होते, आणि आमच्या कायद्यातही नुसत्या मिश्रणाला, ज्यात घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते त्याला, मज्जाव आहे; बेरीज ओलांडणाऱ्याला नाही.

“पण मग कष्टांचे काय?” त्याने विचारले. आपल्या उत्तराचा पहिला परिच्छेद त्याने या कष्टांनाच वाहिला होता.

कष्टांचे काहीच नाही, असे मला सांगावे लागले. 1941 साली अमेरिकेच्या न्यायालयाने शोधाच्या मागे प्रतिभेची वीज चमकलेली दिसली पाहिजे, अशी भाषा वापरली होती. पुढे 1952 च्या त्यांच्या कायद्याने ती खोडून काढली आणि ठरविले, की शोध कोणत्या रीतीने लागला यावरून त्याची सनद नाकारता येणार नाही. म्हणजे वीज चमकून लागला काय किंवा घाण्याभोवती फेऱ्या मारून लागला काय, दोन्ही सारखेच. भाच्याला यात प्रथम दिलासा वाटला, मग त्याच्या लक्षात आले, की हे शस्त्र दुधारी आहे: फेऱ्यांबद्दल शिक्षा नाही, तसे फेऱ्यांबद्दल बक्षीसही नाही. कायद्याला माणूस दिसतच नाही. त्याला दिसते ती पूर्वज्ञान आणि ही वस्तू यांच्यामधली दरी, आणि तिची रुंदी. श्रमाचे मूल्य मोजण्यासाठी ते तराजू केलेलेच नाही, आणि त्यात श्रम घालून पारडे हलत नाही म्हणून रुसणे हे शेरभर मापात अंतर मोजावयास बसण्यासारखे आहे.

इंधनात मिसळावयाच्या द्रव्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध मात्र या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र दाखवितो, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारींचे इंजिन जोर धरू लागले की आत ठोके बसल्यासारखा आवाज येई व शक्ती वाया जाई. ओहायो राज्यातील डेटन येथे केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिजली हा तरुण यंत्रज्ञ त्याच्यामागे लागला. रानातल्या एका तांबड्या पानांच्या वेलीला बर्फाखालीही बहर येतो, तेव्हा तांबडा रंग उष्णता शोषून घेत असावा, मग इंधनच तांबडे करावे, अशी त्यांची कल्पना. हाताशी तांबडा रंग नव्हता म्हणून त्याने आयोडीन घातले, आणि ठोके थांबले! पुढे निरनिराळे तांबडे रंग घालून पाहिले तर एकाचाही उपयोग होईना, आणि रंगहीन आयोडीनयुक्त द्रव्याने मात्र काम भागले. तर्क साफ चुकीचा, फळ खरे. आता ही प्रतिभा म्हणावी, की आंधळ्याच्या हाती लागलेले लाकूड? त्यानंतरची वर्षे घाण्याची: अनिलीन, सेलेनियम, दुर्गंधाने कपड्यांना आणि माणसांना न सोडणारे टेल्युरियम, एकामागून एक द्रव्य. शेवटी मूलद्रव्यांच्या आवर्त कोष्टकात कोणत्या घरांत गुण वाढत जातो याची आखणी केल्यावर बोट शिशावर जाऊन टेकले, आणि 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेडने ते काम केले. गॅलनमागे सुमारे तीन घनसेंटिमीटर एवढी त्याची मात्रा. ते द्रव्य स्वतः काही नवे नव्हते, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच ते तयार झालेले होते. नवा होता तो उपयोग. कोष्टकाने वाट दाखविल्यानंतर शेवटचे पाऊल उघड होते की नव्हते, यावर वकिलांनी रात्र काढावी.

मला त्याहून वेगळी गोष्ट सलते. ठोके थांबविणारे आणखी एक द्रव्य त्या मंडळींना चांगले ठाऊक होते: मद्यार्क. मिजलीने स्वतः 1921 साली मद्यार्क मिसळलेल्या इंधनावर गाडी चालवून दाखविली होती. पण मद्यार्क कोणत्याही शेतकऱ्याला आंबवून काढता येतो, त्याचा गुण सर्वांना माहीत होता, आणि जे सर्वांना माहीत आहे त्यावर सनद मिळत नाही. मद्यार्क मागे पडून शिसे पुढे येण्यात या हिशेबाचा मोठा वाटा होता, असे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखविले आहे, आणि मला ते पटते. 1923 साली शिशाचे पेट्रोल बाजारात आले. 1924 च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील कारखान्यात ते द्रव्य करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी शिशाविरुद्ध जीव तोडून सांगितले. आणि तरी पुढची कितीतरी दशके जगातल्या प्रत्येक शहरातील मुलांनी ते शिसे श्वासावाटे घेतले. भारतभर बिनशिशाचे पेट्रोल झाले ते 2000 साली. आणि आज आमच्याच साखर कारखान्यांचा मद्यार्क पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत घालण्याचे सरकारी धोरण आहे. ऊस पाणी किती पितो हा प्रश्न त्यात आहेच, पण वाटेत भेटलेल्या वस्तूकडे पाठ फिरवून जग ऐंशी वर्षे कोठे गेले, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

म्हणून असे मनात येते, की ‘उघड’ हा शब्द एकस्व कार्यालयात दूषण असला, तरी मगनवाडीत आणि पवनारला ते सर्वांत मोठे भूषण होते. तेथे शोध चांगला कोणता, तर जो पाहताच शेजारच्या गावच्या सुताराला वाटेल, ‘एवढेच ना, मीही करीन.’ रॉकेल परदेशातून येते म्हणून गावचेच तेल जाळणारा मगनदीप कुमारप्पांच्या संस्थेने केला. वनस्पतिजन्य तेल दाट, ते वातीतून रॉकेलासारखे चटकन चढत नाही, आणि याच एका अडचणीशी झटापट करीत तो दिवा झाला. कोणी त्याची नक्कल केली असती तर कुमारप्पांनी खटला भरला नसता, पेढे वाटले असते. गांधीजींनी ‘हिंद स्वराज’च्या 1910 च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेविलेले नाहीत असे छापले होते, तीच ही वृत्ती.

परंतु या वृत्तीचे मी गोडवेच गावे, हेही बरे नाही. 1929 साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, बाईला आठ तास फार कष्ट न होता चालविता यावा, त्या आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे आणि त्याची किंमत 150 रुपयांच्या आत असावी, अशा त्याच्या अटी. आणि त्यात एक कलम असे होते, की शोधकाला एकस्व स्वतःपाशी ठेवण्याची मुभा आहे, मात्र बक्षीस हवे असेल तर ते चरखा संघाच्या स्वाधीन केले पाहिजे. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसालाही, शोध हवा तर आमिष दाखवावे लागते, हे कळत होते! किर्लोस्करांच्या कारखान्यातही त्यासाठी एक चरखा झाला. पण अटी कोणाच्याच पुऱ्या झाल्या नाहीत आणि ते लाख रुपये कोणासही मिळाले नाहीत. तसेच येथले 1950 चे कांचनमुक्तीचे आणि ऋषिशेतीचे प्रयोग. पैशाला शिवावयाचे नाही, बैलही लावावयाचे नाहीत, रहाट माणसांनी ओढावयाचा. विनोबा स्वतः त्या रहाटाभोवती फिरले. घाण्याचा बैल होण्यात ज्याला हीनता वाटत नव्हती असा मनुष्य मला त्यात दिसतो. तरीही तो प्रयोग भोवतालच्या गावांत पसरला नाही, ही वस्तुस्थिती आहे. उघड असणे म्हणजे आपोआप स्वीकारले जाणे नव्हे.

आणि तरी याच माणसाच्या आयुष्यात उघडपणाचे एक उदाहरण असे घडले, की ज्याच्यापुढे माझे हे सारे कोटिक्रम फिके पडावेत. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्लीस भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, विनोबांनी सभेत सहज विचारले की गावातले कोणी देईल काय, आणि रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले, शंभर एकर देतो. जमीन नसलेल्यासाठी जमीन असलेल्याकडे मागणे, याहून उघड दुसरे काय असणार? पण पूर्वज्ञान सारे पाठ असलेल्या आमच्या निष्णात पुरुषाने ते करून पाहिले नव्हते, कारण यातून तेल निघेल अशी वाजवी आशा त्याला वाटली नसती. आणि ते विनोबांना कोठे भेटले, तर पायी चालताना, अक्षरशः वाटेत आडवे आलेले.

भाचा एवढे ऐकून घेत होता, मग नदीकडे पाहत म्हणाला, “मामा, परीक्षकाने माझा अर्ज वाचला नसता आणि त्याला नुसते दोन घटक दिले असते, तर त्याला हे प्रमाण सुचले असते का?”

वेदान्त्यांनी या प्रश्नावर एक गोष्ट रचून ठेविली आहे आणि ती नदीकाठचीच आहे. दहा जण पुराची नदी ओलांडून पलीकडे गेले, सगळे आले की नाही म्हणून मोजू लागले. जो मोजी तो स्वतःला सोडून मोजी, म्हणून प्रत्येकाच्या हिशेबात नऊच भरत, आणि दहावा बुडाला म्हणून सारे रडू लागले. वाटेने जाणारा एक जण आला, त्याने पाहिले, आणि रडणाऱ्याला सांगितले, की दहावा तूच आहेस. शंकराचार्यांच्या परंपरेत ही कथा आत्मज्ञानासाठी सांगतात: जे कधी हरवलेच नव्हते, ते केवळ शब्दाने कसे सापडते. मला मात्र तीत एकस्व कायद्याचा सगळ्यांत अवघड भाग दिसतो. सांगितल्यानंतर त्या दहांपैकी एकालाही क्षणापूर्वीचे आपले अज्ञान पुन्हा अनुभविता यावयाचे नाही; ‘अरे, हे तर उघडच होते’ असे तो प्रामाणिकपणे म्हणेल, आणि त्याचा प्रामाणिकपणाच त्याला फसवील. परीक्षक हा नेहमी सांगितला गेलेला माणूस असतो. अर्ज वाचल्यावाचून त्याला परीक्षा करता येत नाही, आणि वाचल्यानंतर अर्ज न वाचलेल्या माणसाची जागा घेता येत नाही. सगळ्या देशांतील न्यायालये पश्चातबुद्धीपासून सावध राहण्याचा हुकूम देतात. पण तो हुकूम पाळावयाचा म्हणजे कळलेले न कळलेले करावयाचे, आणि ती सिद्धी आमच्या योग्यांच्या यादीत कोठे दिसत नाही.

त्या वाटसरूने दहाव्या माणसावर वीस वर्षांचा हक्क सांगितल्याचे मात्र कोणत्याही भाष्यात नाही. दहावा त्याने निर्माण केला नव्हता, म्हणून तो हक्क लागूच होत नाही, असे कायदेपंडित म्हणतील, आणि ते खरे आहे. आमच्या कायद्यातही केवळ आविष्कारावर, जे होतेच ते दिसण्यावर, एकस्व नाही. 1938 च्या मार्चमध्ये विनोबा येथे प्रकृती खालावलेली असताना आले आणि व्यायाम म्हणून रोज जमीन खणू लागले, तेव्हा त्या खणण्यात भरत-रामाच्या भेटीचे शिल्प वर आले, आणि ते त्यांनी येथेच स्थापिले. वाकाटकांच्या राजधानीची ही जमीन, असे म. म. मिराशींनी प्रतिपादिले आहे. येथे कोणीही खोल खणले तरी शिळा लागण्याचा संभव होता. नेहमीचाच प्रयोग. पण शिल्प लागले ते त्या कुदळीला.

उघड ते कोणाला, हाही प्रश्न राहतो. अमेरिकेत 1995 साली जखमेवर हळद लावण्याचे एकस्व दिले गेले, तेव्हा आमच्या प्रत्येक घरातल्या आजीला ते उघड होते. पण आजी हे दप्तर नव्हे, म्हणून डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या संस्थेला जुने ग्रंथ व छापील निबंध काढून दाखवावे लागले, आणि 1997 साली ती सनद रद्द झाली.

ऊन वर आले होते. नदीच्या पात्रातील गांधीजींच्या रक्षाविसर्जनाच्या स्मारकाची सावली आखूड झाली होती. भाच्याने पेन काढून आपल्या उत्तराचा पहिला परिच्छेद, कष्टांचा, आडव्या रेघेने खोडला, आणि झडपांच्या वजनांचे कोष्टक तेवढे वर घेतले. मग म्हणाला, “आईला काय सांगू? ती रोज विचारते, तुझे पेटंट का अडले.”

“सांग, साहेब म्हणतात की हे कोणालाही जमले असते.”

तो हसला. “ती म्हणेल, मग आजवर कोणी केले का नाही?”

वकिलांच्या लिखाणात या प्रश्नाला एक लांबलचक नाव आहे, आणि तो हरकतीच्या उत्तरात घालावयाचा असतो. त्याने तो त्याच रात्री, वर्ध्याला परतल्यावर, तिसरा मुद्दा म्हणून घातला.